बसून घेतलेलं माप

फेब्रुवारी अर्धा संपला की नेपरव्हिलच्या थंडीत एक बारीकसा फरक पडतो. पारा वर चढतो असं नाही. आज सकाळी साडेआठला तो सोळा अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपल्या हिशेबानं उणे नऊ. पण उजेड लांबतो. डिसेंबरात साडेचारलाच दिवा लावावा लागायचा, आता साडेपाचला खिडकीपाशी बसून वाचता येतं. मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाची सावली सकाळी बर्फावर पडते आणि फांदी न् फांदी वेगळी दिसते. ती तशी दिसायला लागली की मी गराजमध्ये जातो, स्टुलावर चढतो आणि वरच्या फळीवरून बुटांचे दोन जोड खाली काढतो.

एक जोड आबांचा. दुसरा माझा. माझा जोडही आणला होता आबांसाठीच.

आबा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये त्यांनी अडतीस वर्षं छाटणी केली. त्यातली एकही बाग आमची नव्हती. बारा माणसांची टोळी आणि आबा तिचे मुकादम. एप्रिलमध्ये एक छाटणी, ऑक्टोबरात दुसरी. वेलीवरच्या कोंबाला तिकडे डोळा म्हणतात. किती डोळे ठेवायचे आणि कुठे कात्री लावायची, हे आबा अंगठ्यानं चाचपून ठरवायचे. बघायला वेळच नसायचा. ओळींमधून ते अनवाणीच चालायचे. चपला बांधाला काढून ठेवलेल्या मला आठवतात, दोन्ही अंगठे आत वळलेले, जणू त्यासुद्धा दमून बसल्यात.

दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे सहा महिने राहायला आले. ऑक्टोबर ते एप्रिल. आई गेल्यावर पहिल्यांदाच घर सोडून इतके दिवस. येण्याआधी मी त्यांना फोनवर म्हटलं, "आबा, इथं बर्फ असतो. पायाचं माप पाठवा." माझी धाकटी बहीण तारा त्यांच्यासोबत राहते. तिनं वर्तमानपत्रावर आबांचे पाय ठेवून पेनानं भोवतीची रेघ काढली, शेजारी पट्टी ठेवली आणि फोटो पाठवला. चपला शिवायला द्यायच्या असल्या की आमच्याकडे असंच माप जायचं. मी फोटोवरून हिशेब केला. उजवा पाय सव्वीस पूर्णांक दोन सेंटिमीटर, डावा सव्वीस पूर्णांक पाच. मोठा पाय धरायचा, एवढं मला कळत होतं. बूट मागवले. खाली रबर, वर कातडं, आत काढता येणारं जाड लोकरी अस्तर. खोक्यावर लिहिलं होतं, उणे चाळीस अंशांपर्यंत. मला ते आवडलं. उणे चाळीस हा एकच आकडा असा आहे, जिथं फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचं एकमत होतं.

माझं कामच मोजमापाचं आहे. आमच्या कारखान्यातली मापयंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे मी तपासतो. कुणी एखादा आकडा पुढे ठेवला की मी पहिल्यांदा विचारतो, हे माप कोणत्या स्थितीत घेतलं? बावीस वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आलो. ताराला विचारला नाही. आबा खाटेवर बसले होते. पाय कागदावर नुसते टेकवलेले, आणि अर्थातच उघडे. माणूस उभा राहिला की त्याचा पाय पसरतो, आणि ज्या पायांनी जन्मभर अनवाणी माती तुडवली ते तर पंख्यासारखे पसरतात. त्यात जाड मोजे घालायचे, तेही एकावर एक दोन. यातलं काहीच माझ्या हिशेबात नव्हतं.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. आबांनी फावडं घेतलं आणि चाळीस मिनिटांत ड्राइव्हवे साफ करून टाकला. मी दारातून विचारलं, "बूट कसे आहेत?"

"एकदम बेस," आबा म्हणाले. "पायात आहेत हे कळतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना माझी बायको मनीषा हातात एक मोजा घेऊन आली. करंगळीच्या जागी रुपयाएवढा लाल डाग होता. आबांच्या डाव्या करंगळीचं कातडं सोलून निघालं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. ते माझं मन राखायला बोलले नव्हते. बूट पायात आहेत हे त्यांना खरंच कळत नव्हतं. एकोणीस वर्षांच्या साखरेनं त्यांच्या पायांतली जाणीव कधी नेली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बूट घट्ट आहे, हे सांगायचं काम पायाचं. तो पायच गप्प होता.

पायांच्या डॉक्टर बाईंनी आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या बारीक काडीनं प्रत्येक तळव्याला दहा ठिकाणी टोचून पाहिलं. लागलं की 'हां' म्हणायचं. उजव्या पायाचे तीन 'हां' आले, डाव्याचे दोन. मी मनातल्या मनात मोजत होतो. सातव्या टोचणीनंतर आबांनी मिटलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "सुरू केलं का?"

ती एवढीशी जखम भरायला पाच आठवडे लागले. डॉक्टर म्हणाल्या, नशीब की मोजा पांढरा होता. अशा पायांची बोटं जातात ती अशाच जखमांनी, मोठ्या अपघातांनी क्वचितच.

त्या पाच आठवड्यांत आबा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसायचे. समोर सफरचंदाचं झाड. आम्ही घर घेऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या झाडाला आम्ही एकदाही कात्री लावली नव्हती. वर काठ्यांचं जाळं, खाली निम्म्या फांद्या मेलेल्या. सफरचंदं लिंबाएवढी आणि किडकी यायची.

"हे झाड आहे का खराट्यांचा भारा?" आबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. आता ते रोज एक फांदी बोटानं दाखवायचे. "ती जाणार. ती तिच्या अंगावर घासतेय. ही मेलीय, पण तिला कुणी सांगितलेलं नाही."

छाटणी करायची तर झाड झोपेत असतानाच, म्हणजे मार्च संपायच्या आत. आबांनी येताना बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून स्वतःची छाटणीची कात्री आणली होती. पण त्या गोष्टीचं मला तेव्हा ओझं वाटत होतं. एका पारड्यात त्या माणसाची दहा बोटं, दुसऱ्यात त्याचा अख्खा हिवाळा. बोटं वाचवायची तर त्यांना खिडकीशी बसवून ठेवायचं, आणि खिडकीशी बसलेले आबा दिवसेंदिवस लहान होत चालले होते. जेवण अर्धं झालं होतं. ताराशी फोनवर ते फक्त "बरंय" म्हणायचे.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि अटी सांगितल्या. शिडी नाही. बूट योग्य मापाचे. एका वेळी वीस मिनिटं. मग आत येऊन बूट-मोजे काढायचे आणि प्रत्येक बोट बघायचं, हात लावून. तेही दुसऱ्या कुणीतरी.

घरी येताना गाडीत आबा म्हणाले, "बाकी सगळं कबूल. पायाला हात लावायचा नाही."

हे इथं समजावून सांगायला हवं. आमच्या घरात पाया पडायची पद्धत नाही. माझ्या लग्नात वाकणाऱ्या प्रत्येकाला आबांनी खांदे धरून सरळ उभं केलं आणि हात जोडून "जय भीम" म्हटलं. त्यांनी लहानपणी आपल्या वडिलांना दुसऱ्याच्या ओट्यापाशी वाकलेलं पाहिलं होतं. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "वाकला की वाकणाराही लहान होतो आणि समोरचाही." अशा माणसापुढे मुलानं दर वीस मिनिटांनी जमिनीवर बसून त्याचे पाय हातात घ्यायचे होते.

"आबा, हे पाया पडणं नाही. तपासणी आहे."

"बघणाऱ्याला काय दिसतं? तू खाली, मी खुर्चीवर."

चार दिवस हे चाललं. मनीषा म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी सेम आहात. एक मोजून थकत नाही, दुसरा नाही म्हणून थकत नाही." पाचव्या दिवशी चहा पिताना आबांनीच विषय काढला.

"ठीक आहे. बघ. पण मग तुझे पाय मी बघणार."

"माझ्या पायांना काय झालंय?"

"काही झालं नसेल तर दाखवायला काय जातंय? तू एकदा खाली बसायचं, मी एकदा खाली बसायचं. बरोबरी."

मी हसलो आणि हो म्हटलं. मला वाटलं, त्यांचा मान राखायला एवढं चालेल.

शनिवारी आम्ही शेतीच्या सामानाच्या दुकानात गेलो. पायमोज्यांचे दोन जोड घालूनच गेलो, एवढी अक्कल मला आली होती. काउंटरवर पासष्टीच्या एक बाई होत्या. गायींच्या गोठ्यात वाढलेल्या, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. मी उचललेल्या खोक्यावरच्या उणे चाळीसकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "हे चालणार आहेत की उभे राहणार आहेत?"

"उभे राहणार."

"मग हे विसरा. चालणाऱ्याचे पाय स्वतःची ऊब स्वतः करतात. उभ्या माणसाला तळ जाड हवा, बर्फ खालून चावतो." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "उभे राहा, हनी."

"काय म्हणाली?" आबांनी मला विचारलं.

"तुम्हाला मध म्हणाली."

"सांग तिला, मध नको. आधीच साखर आहे."

मी सांगितलं. बाई पोट धरून हसल्या. मग त्यांनी आबांना उभं करून पाय लोखंडी मापपट्टीवर ठेवायला सांगितला. सत्तावीस पूर्णांक चार. बसून घेतलेल्या मापापेक्षा नऊ मिलिमीटर जास्त, आणि रुंदीत त्याहून फरक. बूट घातल्यावर त्यांनी "आवडले का" असं विचारलं नाही. अस्तर बाहेर काढलं, आबांना नुसत्या अस्तरावर उभं केलं आणि बोटांच्या पुढे आणि बाजूला किती जागा उरते ते डोळ्यांनी पाहिलं. "पाय सांगत नसेल तर डोळ्यांनी विचारायचं," त्या म्हणाल्या. "घट्ट बूट कितीही जाड असू दे, थंडच. ऊब हवेत असते, लोकरीत नाही." मी हे लिहून घेतलं.

हातमोज्यांचं अवघड होतं. आबांचे पाय जेवढे मुके, तेवढे त्यांचे हात बोलके. पायांनी सोडलेलं सगळं जणू हातांनी सांभाळून ठेवलं होतं. मी आणलेले बर्फात खेळायचे फुगीर हातमोजे त्यांनी घातले, कात्री धरली आणि पहिल्याच फटक्यात ठेवायचा डोळा उडवला. मोजे काढून माझ्या हातात दिले. "हाताला उशी बांधलीस तू. उशीनं कधी छाटणी होते का?" दुसरा जोड तीन बोटांचा. त्याला ते खेकडा म्हणाले. शेवटी जमलं ते असं: आत विणलेला पातळ लोकरी मोजा, तळहाताला रबराचा थर असलेला, आणि त्याच्यावर कातड्याचा मोठा, सैल, एका अंगठ्याचा मोजा. फांदी नुसती धरायची असेल तर वरचा हातात, कात्री चालवायची असेल तर तो काढायचा. काढलेला मोजा बर्फात पडू नये म्हणून आबांनी लेंग्याची नाडी घेतली, तिची दोन टोकं दोन मोज्यांना शिवली आणि ती गळ्यात घातली. आतल्या उजव्या मोज्याचं अंगठ्याचं टोक त्यांनी मला न विचारता कापून टाकलं. "हा अंगठा उघडा पाहिजे. हा माझा डोळा आहे."

सफरचंद त्यांना नवीन होतं. द्राक्षाची कात्री इथं तशीच चालवायची नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पहिल्या दिवशी ते नुसते झाडाभोवती फिरले आणि उघड्या अंगठ्यानं डोळे चाचपत राहिले. "हे बघ. हा जाड, मऊ, लव असलेला, हे फूल. हा बारीक, अंगाला चिकटलेला, हे पान." मी नंतर पुस्तकात पाहिलं. बरोबर होतं. "एका वर्षात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचं नाही. नाहीतर झाड घाबरतं आणि वेड्यासारख्या काठ्या फेकतं. तीन हिवाळ्यांचं काम आहे हे."

त्यांच्याकडे एकच हिवाळा होता. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शिडीवर मी, जमिनीवर आबा. लांब दांड्याच्या कात्रीनं ते खालच्या फांद्या घ्यायचे आणि मला वरच्या दाखवायचे. "त्या गाठीच्या वर. अजून वर. अरे, कारखान्यात एवढं मोजतोस, इथं अंगठाभर कळत नाही का?" फोनचा गजर लावला होता, पण थंडीत फोनच बंद पडला. मग वेळ सांभाळायचं काम मनीषानं घेतलं. वीस मिनिटं झाली की ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर पळी वाजवायची. आत येऊन आबा खुर्चीवर, मी फरशीवर. बूट, अस्तर, मोजे. प्रत्येक बोट हातात घ्यायचं, दोन बोटांच्या मधे बघायचं. आबा तेवढा वेळ छताकडे बघत. मग जागा बदलायची. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघ्यावर हात टेकत खाली बसायचा आणि माझे मोजे काढायचा. पहिले दोन शनिवार मी घाईघाईनं पाय पुढे केले आणि मागे घेतले. मला कसंतरीच व्हायचं. त्यांना इतके दिवस काय वाटत होतं, ते मला तिथं, त्या खुर्चीवर बसून कळलं.

तिसऱ्या शनिवारी बारा अंश फॅरनहाइट होतं. बुटांसाठी मी दोन पानांचा तक्ता केला होता, त्यात तळाची जाडी होती, अस्तराचं वजन होतं. माझ्या नावाचा रकाना नव्हता. मी धावायचे बूट घालून ॲल्युमिनियमच्या शिडीवर उभा होतो, बोटं आधी दुखत होती आणि मग दुखायची थांबली होती. मला ते बरंच वाटलं.

पळी वाजली. आबांचे पाय पाहून झाले, दहाही बोटं कोमट आणि गुलाबी. मग ते खाली बसले. माझ्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. आबांनी अंगठ्यानं दाबलं. मला काही लागलं नाही.

ते ओरडले नाहीत. मनीषाला म्हणाले, "दूध गरम कर." मग स्वेटर आणि सदरा वर केला आणि माझे दोन्ही पाय आपल्या उघड्या पोटावर ठेवून वरून स्वेटर ओढून घेतला. त्यांच्या अंगावर शहारा आलेला मला दिसला. पाय मागे ओढायला गेलो तर त्यांनी घोटे धरून ठेवले.

"माझ्या पायांना कळत नाही, म्हणून मी दाखवतो," ते म्हणाले. "तुझ्या पायांनी ओरडून सांगितलं, तरी तू ऐकलं नाहीस. मग जास्त आजारी कोण?"

दहा-बारा मिनिटांनी बोटांत आग सुरू झाली, डोळ्यांत पाणी आलं. आबा म्हणाले, "दुखतंय ना? बरं झालं." त्या तोंडून 'दुखणं बरं' हे ऐकणं वेगळं होतं. त्यांनी तेवढ्यासाठी काय दिलं असतं, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी त्यांनी टेबलावरचा पेपर जमिनीवर पसरला आणि पेन्सिल हातात घेतली. "उभा राहा," ते म्हणाले. "बसून नाही. उभा." रेघ काढून झाल्यावर मी पट्टी लावली. पंचवीस पूर्णांक एक. मग आम्ही दोघांनी एकदमच गराजच्या दाराकडे बघितलं. चुकलेला जोड तिथंच पडला होता. बसलेल्या आबांच्या उघड्या पायाच्या मापाचा, माझ्या पायापेक्षा चौदा मिलिमीटर मोठा. दोन जाड मोजे घालून मी त्यात पाय घातला, तर बोटं हलवायला नेमकी जागा उरली. इतकं बरोबर बसलेलं माप मी ठरवून कधी काढू शकलो नव्हतो.

आबा एप्रिलमध्ये परत गेले, झाड फुलायच्या दोन आठवडे आधी. मी फुलांचे फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, "पाय कसेत?"

गेल्या हिवाळ्यात मी दुसरा हिस्सा काढला. आज तिसरा, शेवटचा. आबांचे बूट मी खाली काढतो, अस्तर बाहेर काढून उन्हात ठेवतो आणि परत घालतो. ते वापरायला कुणी नाही, पण ओल धरू द्यायची नाही. त्यांची कात्री आता माझ्याकडे आहे, नाडी बांधलेले मोजेही. उजव्या अंगठ्याचं कापलेलं टोक मी शिवलं नाही. गेल्या वर्षी त्या भोकातून माझा अंगठा नुसता गारठत होता. या वर्षी पहिल्यांदा फुलाचा डोळा न बघता लागला.

मनीषानं पळी वाजवली. आत येऊन मी खुर्चीवर बसलो. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये आबा होते, खाटेवर. तिकडे रात्रीचं जेवण व्हायचं होतं. मागं तारा भाकरी थापत होती, तो आवाज येत होता.

"जय भीम, साहेब. दाखव."

मी मोजे काढून पाय फोनपुढे धरले. आबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. घाई नाही. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांशी थांबून म्हणाले, "हलव." मी हलवली. "दहा," ते म्हणाले. "जा, चढ आता."

"अजून नाही," मी म्हटलं. "तारा, फोन खाली धर."

"अरे, भाकरी करपेल तिची."

"करपू दे. बरोबरी म्हणजे बरोबरी."

फोन हलला, खाटेचा पाय दिसला, जमीन दिसली, मग ते दोन रुंद, भेगाळलेले, पसरलेले पाय आले. आबांनी मला दिसावं म्हणून बोटं फाकवली. मी खुर्चीवरून उतरून फरशीवर बसलो, फोन जवळ घेतला आणि एकेक करून मोजलं.

"दहा," मी म्हटलं.